हेत्वीचं पहिलं मोळाकत

दुपारी वीज गेली आणि पंखा थांबला. बा, माझ्या सासूबाई, आतल्या खोलीत निजल्या होत्या. त्या शांततेत टण् टण् टण् असा बारीक आवाज सुरू झाला. स्टीलच्या वाटीच्या काठावर कुणीतरी चमचा वाजवत होतं. मी मान वर केली. समोर हेत्वी दूध-भाखरी खात बसली होती, तिचा चमचा दुधात बुडालेला. वाजत होता तो माझा.

"मम्मी, थांब ना," ती म्हणाली. मग तिला ते आवडलं असावं. "परत कर."

मी काही केलं नाही. ते आपोआपच परत झालं.

हेत्वीच्या पहिल्या मोळाकताचा तो तिसरा दिवस. आषाढातले हे पाच दिवस मुली मिठाशिवाय जेवतात, कुंडीत रुजवलेल्या गव्हाच्या जवाऱ्यांना पाणी घालतात आणि गोरमाकडे, म्हणजे गौरीमातेकडे, चांगला नवरा मागतात. हेत्वी पहिलीत आहे. तिला यातून मेंदी, नवी चणियाचोळी आणि शेवटच्या दिवशी बागेतला पाळणा एवढंच हवं होतं. पहिल्या दिवशी बांनी विचारलं, "गोरमाकडे काय मागितलंस?" तर म्हणाली, "कुत्रा."

"गोरमा कुत्रे देत नाही. नवरा माग."

"का? कुत्रे संपले?"

आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसत सुटली, थांबेचना. बाही हसल्या, पण मधेच थांबून तिच्याकडे बघत राहिल्या. "हसणं अगदी आईचं घेतलंय," त्या म्हणाल्या. भुवया माझ्या, डावरेपण माझं, हे सगळे कौतुकाने सांगतात. हसण्याचं मात्र बा हळू आवाजात सांगतात.

त्याच सकाळी तिने अळणी भाखरीचा पहिला घास तोंडात घेतला आणि तो गालातच धरून ठेवला. खाली कोपऱ्यावर लालजीकाकांच्या कढईत गाठिये पडत होते, वास थेट आमच्या खिडकीत. तिचे डोळे भरले. माझ्या माहेरी, महुव्याला, मुलीचं पहिलं वर्ष असलं की आई तिच्यासोबत अळणी जेवते. माझी आई जेवली होती. मी म्हटलं, "तू जे खाशील तेच मी. पाचही दिवस." हेत्वीने घास गिळला. बा म्हणाल्या, "हे चांगलं केलंस, वहू." बांकडून असं काही मिळालं की मी दिवसभर ते मनात घोळवत असते.

गोळीची आठवण कुणालाच झाली नाही. आठवण व्हायला ती विसरलेली थोडीच होती. स्वयंपाकघराच्या फळीवर, हिंगाच्या डबीशेजारी, सुपारीच्या जुन्या डबीत माझ्या गोळ्या असतात. एक सकाळी, एक रात्रीच्या जेवणानंतर. मोळाकताच्या दिवसांत सकाळची गोळी मी जवाऱ्यांना पाणी घातल्यावर त्याच तांब्यातल्या पाण्याबरोबर घ्यायची. हेत्वी हात जोडून उभी असायची. आधी गोरमा, मग मम्मीची गोळी. तिला तो पूजेचाच भाग वाटत होता.

ही गोळी हेत्वीच्या जन्मानंतरची. ती तीन महिन्यांची असताना माझी झोप उडाली, आणि तिची मला गरजही वाटेना. सगळं सोपं, सगळं आपलं वाटायला लागलं. एका सकाळी मी घरातली भांडी गल्लीत नेऊन हसत हसत वाटून टाकली. शेजारणींनी ती दुसऱ्या दिवशी एकेक करून परत आणली. सगळ्यांनी नाही. बांची लग्नातली पितळी तपेली अजून समोरच्या मंजुबेनच्या ओट्यावर दिसते, आणि बा त्या घरी चहाला गेल्या की तिच्याकडे पाठ करून बसतात.

तेव्हा डॉ. माणेकांनी माझ्या नवऱ्याला, निकुंजला, आणि मला समजावलं होतं. डोक्यातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. निरोप नेणारी रसायनं असतात, डोपामिन आणि त्याची भावंडं. निरोप पोचला की पेशीने काम करायचं आणि दार लावून घ्यायचं. "नेहलबेनच्या डोक्यात वरात येऊन गेली तरी बँड वाजतच राहतो," ते म्हणाले. "आणि थांबला की असा थांबतो की दिवासुद्धा कुणी लावत नाही. हे लिथियम पेशीच्या आत शिरून आवाज आवरतं. नेमकं कुठलं बटण दाबतं, यावर आमच्यातच भांडणं आहेत."

"मग देता कशाला?" निकुंजने विचारलं.

"उपयोग होतो म्हणून. तुम्ही स्कूटर चालवता ना? इंजिन उघडून बघितलंय कधी?"

उपयोग झाला. इतका, की दोन वर्षांनी मला वाटलं आपण बऱ्या झालो. गोळ्या तुळशीच्या कुंडीत जायला लागल्या आणि कुणी विचारलं की मी "घेतली" म्हणायची. तो पाऊस मी दवाखान्यात काढला. हेत्वीला निकुंजची बहीण, बीनाबेन, राजकोटला घेऊन गेली. ती परत आली तेव्हा बीनाला मम्मी म्हणत होती आणि मला नेहल. त्यानंतर एकदा टॉवेलची घडी घालता घालता निकुंज म्हणाला, "परत असं झालं, तर हेत्वी बीनाकडे. मग आणायची नाही." आवाज चढवला नव्हता. मी "बरं" म्हटलं होतं. दुसरं काय म्हणणार.

तर आता चमचा वाजत होता.

संध्याकाळी पोट बिघडलं. चहा देताना अर्धा बशीत सांडला. बांनी बशीकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

"गोळी घेतलीस?"

"घेतली."

"आजची?"

"आजची, कालची, रोजची."

बा उठून आत गेल्या. थोड्या वेळाने आतून फोनवरचा त्यांचा आवाज आला, "निकुंज, आज कारखान्यातून लवकर ये."

तो आला तो चपला न काढताच स्वयंपाकघरात.

"हात का थरथरतोय?"

"माहीत नाही."

"झोप?"

"येतेय. फारच येतेय."

"खरं सांग, नेहल."

"खरंच सांगतेय."

"मागच्या वेळीही खरंच होतं."

बाहेर पाऊस थांबून थांबून पडत होता आणि हेत्वी जवाऱ्यांशी बोलत होती. निकुंजने सुपारीची डबी उघडली. गोळ्या सुट्या असल्यामुळे घेतल्या की नाही ते कळायला मार्ग नव्हता. त्याने दोन काढल्या.

"एकच असते," मी म्हटलं.

"बुडालेल्या भरून काढायला नकोत? तोंड उघड."

मी उघडलं. गिळल्यावर परत उघडून दाखवलं, जीभ वर, जीभ खाली. दारात उभ्या हेत्वीनेही तोंड उघडलं. "माझं पण बघा, पप्पा." त्याने तिचंही बघितलं.

त्याला वाईट म्हणता येणार नाही. त्याच्याजवळ एकच किल्ली होती, ती त्याने लावून बघितली.

चौथ्या दिवशी सकाळीही दोन. जीभ जड झाली. हेत्वीचं नाव नीट उच्चारेना, "हे" आणि "त्वी" मधे काहीतरी आडवं पडायचं. घराचा उंबरा मला जरा डावीकडे दिसायचा आणि मी उजवीकडे आपटायची. तरी मुलींबरोबर देवळात जायचंच होतं. सगळ्याजणी नटलेल्या, हातात जवारे, एका सुरात गाणी. हेत्वीच्या हातावर मेंदीवर मेंदी काढलेली, अजून ओली, म्हणून तिची कुंडी मी धरली होती. देवळाच्या पायरीवर माझ्या हातून ती सुटली.

फार मोठा आवाज झाला नाही, मातीची कुंडी ती. पण गाणं थांबलं. हिरवे कोंब मुळांसकट पायरीवर पसरले. कुणाची तरी आई लगेच म्हणाली, "काही नाही गं, ओंजळीत घ्या, माती घ्या, चालतं." आणि खाली वाकली. हेत्वी रडली नाही. तिने ओढणी पसरली आणि एकेक कोंब उचलून त्यात ठेवायला लागली, आईच्या घरून निघताना मुली वस्तू बांधतात तसं. मी मदत करायला वाकले ती तिथेच बसले.

घरी बांनी मला काही विचारलं नाही. बीनाबेनला फोन केला. "सकाळच्या बसने ये. हो, तेच. नाही, हसत नाहीये. पण तेच असणार, दुसरं काय?" मग त्यांनी कपाटावरून निळी बॅग काढली आणि हेत्वीचे फ्रॉक भरायला घेतले. मी खाटेवरून बघत होते. उठून बॅग रिकामी करावी असं मनात आलं, आणि पायापर्यंत पोचेपर्यंत ते विरून गेलं. शाळेचा गणवेश बॅगेत जाताना दिसला, तेव्हा कळलं की पाहुणचाराला नाही नेत.

पाचव्या दिवशी सकाळी बीनाबेन आली. तिच्याबद्दलची अडचण एवढीच आहे की ती चांगली आहे. हेत्वीसाठी चिक्की, बांसाठी गुडघ्याचं तेल, माझ्यासाठीही काहीतरी. पर्स खांद्यावर तशीच ठेवून ती माझ्यासमोर बसली. मी भिंतीला टेकून पेंगत होते.

"भाभी."

"हं."

"माझं नाव सांग."

"बी..." एवढं आलं. पुढचं येईना.

तिने निकुंजकडे वळून पाहिलं. "डॉक्टरांना दाखवलं?"

"वेळ घेतलीय, परवाची. तोवर मी गोळ्या डबल केल्यात."

"भाई, मागच्या वेळी दवाखान्यात नेईपर्यंत मी हिच्याबरोबर इथे राहिले होते. ही मला झोपू देत नव्हती. रात्रभर बडबड, पहाटे अंघोळ घाल म्हणायची. आणि ही बघ. बसल्या जागी झोपतेय, बोलताना जीभ अडखळतेय. हे ते नाही."

"मग काय आहे?"

"मला काय विचारतोस, मी काय डॉक्टर आहे? रिक्षा बोलाव. आणि परवा नाही, आत्ता."

बा म्हणाल्या, "हेत्वीचा आज शेवटचा दिवस आहे, बागेत..."

"बा, बाग काही पळून जात नाही."

सगळेच गेलो. हेत्वीला घरी ठेवायला कुणी नव्हतं, ओढणीतले जवारेही ती घेऊनच निघाली. डॉ. माणेकांनी हात पुढे करायला सांगितला, सरळ रेषेत चालून दाखवायला सांगितलं. मी रेषेवर नव्हतेच.

"साहेब, गोळ्या चुकवत होती," निकुंज म्हणाला. "म्हणून परवा रात्रीपासून दोन-दोन देतोय. माझ्या हाताने."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "दोन-दोन?"

"भरून काढायला."

"निकुंजभाई, आता एकही गोळी द्यायची नाही. रक्त काढा हिचं. आत्ता, आणि रिपोर्ट आल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही."

दुपारी रिपोर्ट आला. मला तेव्हा सगळं कापसातून ऐकू येत होतं, पण हे स्पष्ट ऐकू आलं.

"रक्तात लिथियम असायला हवं त्याच्या दुपटीहून वर आहे," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही दीड दिवसात वाढवलंत त्याने एवढं होत नाही. आधीपासूनच चढत होतं. कंप, पोट बिघडणं, हे सगळं चढल्याचं लक्षण आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे यांनी एकही गोळी चुकवलेली नाही."

माझ्या शब्दाला त्या घरात चार वर्षं भाव नव्हता. मी कितीही वेळा "घेतली" म्हटलं असतं तरी जे झालं नसतं, ते माझ्या रक्ताने एका ओळीत केलं होतं. फक्त त्यासाठी त्याला विष व्हावं लागलं.

डॉक्टर विचारत होते, "पण चढलं कसं? दुसरं औषध? दुखण्याची गोळी? वैद्याचा काढा? उपास?"

"उपास नाही," बा म्हणाल्या. "जेवते दोन वेळा."

"आम्ही दोघी मोळाकत करतोय," हेत्वी म्हणाली. ती जवारे मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली होती. "आम्ही मीठ नाही खात."

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी कपाळावर हात मारला, अगदी आवाज येईल असा.

"माझ्या धाकटीचंही चालू आहे घरात. माझ्याच ताटासमोर बसून रोज अळणी जेवतेय." ते माझ्याकडे वळले. "पर्युषण आलं, आयंबिलच्या अळणी जेवणाच्या ओळी आल्या की मी प्रत्येक जैन पेशंटला बजावतो, या गोळीवर मीठ सोडायचं नाही. मोळाकत छोट्या मुलींचं म्हणून डोक्यातच आलं नाही. आया पण करतात, हे मला कळायला हवं होतं."

"मिठाचा आणि डोक्याच्या गोळीचा काय संबंध?" बांनी विचारलं.

"बा, लिथियम हे मिठाचंच भावंड. मूत्रपिंडाला त्या दोघांतला फरक कळत नाही. रोजचं मीठ मिळत असलं की ते जास्तीचं लिथियम बाहेर टाकून देतं. मीठ बंद झालं की घाबरतं, म्हणतं, आता जे हाताला लागेल ते धरून ठेवा. आणि धरतं ते लिथियम. गोळी तेवढीच, पण बाहेर जायची वाटच बंद. मग तीच औषधाची गोळी डोक्याला चढते."

बांनी पदराने तोंड पुसलं. "मीच म्हटलं होतं, चांगलं केलंस."

मला खाट दिली, सलाईन लावलं. बा बाटलीकडे बराच वेळ बघत होत्या. शेवटी नर्सला विचारलं, "बेटा, यात काय असतं?"

"मीठ-पाणी, बा."

"एवढंच?"

"मुख्य तेच."

बा जराशा चुळबुळल्या. "मग हिचं व्रत..."

"तोंडाने थोडंच घेतलंय त्यांनी," नर्स म्हणाली. बांनी मान हलवली. त्यांना ते पटलं.

पहाटेच्या आधी जीभ सैल झाली. सकाळी निकुंज स्टुलावर बसून होता, शर्ट कालचाच.

"गोळी काही दिवस बंद ठेवायचीय," तो म्हणाला. "मग कमी मात्रेवर परत सुरू. मधे जर ते... दुसरं... वर आलं तर लगेच सांगायचं म्हणाले."

"सांगेन."

तो स्टूल पुढे ओढत म्हणाला, "मी डबल दिली."

"हो."

"तू बोलली का नाहीस?"

"बोलले होते."

त्याने मान खाली घातली आणि सलाईनची नळी उगाचच सरळ केली. ती सरळच होती.

दहाच्या सुमारास बा आल्या, बीनाबेन आणि हेत्वीही. बीनाला राजकोटची बस पकडायची होती. निळी बॅग तिने सवयीने खांद्याला लावली होती. बांनी ती तिच्या खांद्यावरून उतरवली आणि माझ्या खाटेखाली सरकवली. "ही राहू दे. तू गाठिये घेऊन जा, लालजीकडून ताजे घेतलेत." बीना माझ्या केसांवरून हात फिरवून म्हणाली, "भाभी, माझं नाव?"

"बीनाबेन जेठालाल पारेख."

"पास," ती म्हणाली आणि गेली.

व्रत पूर्ण झालं होतं. जवारे सकाळीच बांनी तळ्यात सोडले होते, ओढणीसकट. हेत्वी डब्यातली खिचडी-कढी खात होती, मिठाची. खाताना डोळे मिटत होती. मधेच एक चमचा मला भरवायची, तो माझ्या तोंडापाशी स्थिर राहायचा. तिचा हात अजिबात हलत नव्हता, मी पाहिलं.

"चव आली?" मी विचारलं.

"खूप." तिने चमचा चाटला. "मम्मी, पुढच्या वर्षी पण करायचं. पण तू नको, तू मीठ खा. तुझी गोळी असते ना."

"बरं."

ती विचार करत राहिली. भुवया माझ्यासारख्या वर गेल्या. बा डबा बंद करत होत्या, निकुंज खिडकीशी उभा होता.

"मला कळलं," हेत्वी म्हणाली. "लहान असताना मोळाकत करायचं. मोठं झालं की जयापार्वतीचं व्रत. शेजारची मृगाताई करते ना, तसं. आणि मग मम्मी झालं की गोळी." बोटांवर मोजत ती माझ्या अगदी जवळ आली, तोंडाला कढीचा वास, आणि कुत्रा मागताना लावला होता तसाच लाडिक सूर लावून म्हणाली, "मम्मी, मी मोठी झाले की मलापण मिळणार ना तुझी गोळी?"